मुलांच्या हातची आगपेटी

मूल आगीशी खेळते ते खोडीमुळे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. युनियनच्या कामासाठी नारपोलीच्या चाळींतून वर्षानुवर्षे हिंडल्यावर आमचे मत निराळे झाले आहे. आई देवापुढे दिवा लावते, बाप बिडी शिलगावतो. मूल ते रोज पाहते आणि तेच करून बघते. चार-पाच वर्षांच्या पोराला काडी ओढता येते, पण लागलेली आग विझविता येत नाही. सारा धोका येथे आहे.

यावर आपला उपाय म्हणजे मार. काही घरांत हाताला उदबत्तीचा चटकाही देतात. याला धडा म्हणावे की क्रौर्य? मार खाल्लेले मूल काडी ओढणे सोडत नाही, ते लपून ओढते. आणि आमच्याकडे लपायच्या जागा कोणत्या? खाटेखाली, सुताच्या पोत्यांमागे, माग चालतो त्या खोलीच्या बोळात. तेथे रुईचा भुगा भिंतीवर, पत्र्यावर, विजेच्या तारांवर बसलेला असतो. सुट्या तंतूला चोहोंकडून हवा मिळते, म्हणून तो क्षणात भडकतो. दाबलेला कापूस वरून विझलेला दिसतो आणि आत तासन्‌तास धुमसतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर आग लागली ती कापसाच्या गाठींत. त्याच जहाजावर स्फोटके होती. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले.

तेव्हा आगपेटी आणि लायटर कुलुपात ठेवावेत. उंच फळीचा भरवसा नाही, पोरे डब्यावर डबा रचून चढतात. सापडलेली आगपेटी मोठ्यांना आणून द्यायची, हे मुलाला शिकवावे, आणि आणून दिली तर रागावू नये. कपडे पेटले तर पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, तूप, टूथपेस्ट काही लावू नये, आणि दवाखाना गाठावा.

पण हे पाहायला घरी असते कोण? बाप बारा तासांच्या पाळीवर, आई कांड्या भरण्यात गुंतलेली. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाळणाघर सांगितले होते ते ३० हून अधिक स्त्री-कामगार असत तेथे. आमच्या मागांच्या खोल्यांत इतक्या बाया कोठून असणार? म्हणून गल्लीगल्लीत पाळणाघर हवे, अशी मागणी आम्ही प्रत्येक मागणीपत्रात शेवटी लिहितो. बोलणी अडली की आम्ही सर्वांत आधी सोडतो तीही हीच.