हमरापूरचा बाप्पा आणि कंटेनरचे आठ कोपरे

परवा गोरेगावला नेस्कोत मालवाहतुकीचं प्रदर्शन पाहून आलो. चकचकीत स्क्रीन आणि फुकटच्या पिशव्या यांतून वाट काढत एका टेबलापाशी थबकलो. तिथे ठेवला होता ट्विस्टलॉक, मुठीएवढं डोकं असलेला लोखंडी खिळाच म्हणा! कंटेनरच्या आठही कोपऱ्यांना लंबगोल भोकं असतात. त्यात तो घालून फिरवला की कंटेनर ट्रेलरला, वॅगनला किंवा खालच्या कंटेनरला पक्का बसतो. आतला माल कुणी हलवत नाही, फक्त पेटी वाहन बदलते. 1956 साली अमेरिकेत 'आयडियल एक्स' जहाजावर अशा 58 पेट्या चढल्या आणि पुढे बंदरांचा चेहराच बदलला.

आमच्या रायगड जिल्ह्यातल्या हमरापूरच्या गणेशमूर्तीही अशाच कंटेनरमधून परदेशी जातात. इकडे पावसाळा सुरू व्हायच्या आत पेटारे भरून तयार, मग जवळच्या न्हावाशेवा बंदरातून समुद्रमार्गे. सोंडेभोवती कागदाच्या कातरणाचा थर देणारे हात मात्र कुठल्याच स्टॉलवर दिसले नाहीत.

अजून एक गंमत आपल्याच जिल्ह्यातली. रोहा तालुक्यातल्या कोलाडहून कोकण रेल्वेची ट्रक वाहून नेणारी रो-रो गाडी सुटते. 1999 पासून भरलेले ट्रक थेट वॅगनवर चढतात, ड्रायव्हर-क्लीनर केबिनमध्येच बसून घाट पार! 2025 च्या गणपतीत तर कोलाड ते वेर्णा खासगी मोटारींसाठीही ही सोय सुरू झाली. ट्रक चढताना बघायचे असतील तर कोलाडला एकदा जाऊन याच.