सभाधीटपणा उपजत नसतो

सहकारी पतपेढीची वार्षिक सर्वसाधारण सभा चाललेली असते. अहवालातील एका आकड्यात विसंगती आहे, हे तिसऱ्या रांगेतील एका सभासदाच्या ध्यानात आलेले असते. हिशेबाच्या वह्यांत ज्याचे आयुष्य गेले, असा हा मनुष्य. परंतु ‘कोणाला काही विचारायचे आहे काय?’ असे अध्यक्ष म्हणतात, तेव्हा त्याच्या घशाला कोरड पडते, छाती धडधडू लागते आणि तो मान खाली घालतो. ठराव एकमताने मंजूर होतो. सभेनंतर चहा घेताना तोच सभासद शेजाऱ्याला ती चूक मुद्देसूदपणे समजावून देतो. उणीव ज्ञानाची नव्हती, भाषेचीही नव्हती. उणीव होती सभाधीटपणाची.

हे भय म्हणजे भित्रेपणा, असे मानणे चुकीचे आहे. धोक्याची चाहूल लागताच शरीरात ॲड्रेनॅलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, तळहातांना घाम सुटतो. सभेत वाघ नसतो हे खरे; पण चारचौघांत शोभा होण्याचा धोका मनुष्याला वाघाइतकाच खरा वाटतो. म्हणून तो बोलणे टाळतो. टाळल्याने घटकाभर सुटल्यासारखे वाटते आणि नेमक्या त्या सुटकेनेच पुढच्या वेळचे भय अधिक वाढते.

या संदर्भात महात्मा गांधींचे उदाहरण उद्बोधक आहे. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन परतल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते पहिल्या खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले. डोके गरगरू लागले, एकही प्रश्न सुचेना. घेतलेले ३० रुपये परत करून त्यांनी ते काम दुसऱ्या वकिलाकडे सोपविले. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियात भारतीय व्यापाऱ्यांच्या बैठकीत ते व्यापारातील सचोटीवर बोलले. आयुष्यातील पहिले जाहीर भाषण म्हणून त्यांनी आत्मकथेत याच भाषणाचा उल्लेख केला आहे. मात्र भय तेथे संपले नाही. १८९६ मध्ये मुंबईच्या जाहीर सभेत त्यांचा आवाज कापू लागला आणि त्यांचे लिखित भाषण अखेर दिनशा वाच्छा यांना वाचावे लागले.

प्रिटोरियात असे काय वेगळे होते? विषय त्यांच्या अंतःकरणातला होता, तयारी झालेली होती आणि समोर परीक्षक नव्हते, आपली माणसे होती. या तीन गोष्टी कोणालाही साधता येण्यासारख्या आहेत. आरंभ लहान बैठकीतील एका प्रश्नाने करावा. संपूर्ण भाषण पाठ करण्याऐवजी मुद्दे टिपून घ्यावेत आणि पहिली दोन वाक्ये तेवढी पक्की करावीत. आवाज कापला तरी बोलणे पुरे करावे. भय ओसरते ते बोलून झाल्यावर, आधी नव्हे.

महाराष्ट्राला व्याख्यानांची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. परंतु या परंपरेने श्रोते जितके घडविले, तितके वक्ते घडविले नाहीत. शाळा-कॉलेजांतील वक्तृत्वस्पर्धांत निवडक चार-दोन विद्यार्थी पाठ केलेले भाषण म्हणतात, उरलेला वर्ग टाळ्या वाजवितो. त्याऐवजी आठवड्यातून एक तास प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या माहितीतील विषयावर दोन मिनिटे बोलावे. त्यास ना गुण असावेत, ना क्रमांक. पोहणे काठावर बसून शिकता येत नाही.

हा प्रश्न केवळ व्यक्तिमत्त्वविकासाचा नाही. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले. पण ग्रामसभेत उभे राहून विचारणाराच नसेल, तर तो अधिकार कागदावरच राहतो. जाणते गप्प बसतात तेथे निर्णय मोठ्या आवाजाच्या हाती जातात. तिसऱ्या रांगेतील त्या सभासदाच्या मौनाची किंमत त्याच्या एकट्याच्या नव्हे, सर्व ठेवीदारांच्या खात्यावर पडते.