झडीला पुरून उरणारी कुंडी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल-सावलीच्या पट्ट्यात सक्युलंटची रोपं मे महिन्यात फारशी मरत नाहीत. ती मरतात जुलै-ऑगस्टात, चार-पाच दिवसांची झड लागली की. पारा ४५ अंशांच्या वर असताना ज्यांनी तग धरला, तीच रोपं पावसात बुडापासून मऊ पडतात, पानं पाणी भरल्यासारखी पारदर्शक दिसू लागतात आणि बोट लावताच गळून हातात येतात. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीची नावं देशातल्या सर्वाधिक तापमानाच्या यादीत असतात, त्यामुळे आपण सगळा दोष उन्हाला देतो. पण याच भागात वर्षाला साधारण १,२०० ते १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घरी कुंडी करायला बसताना डोळ्यांसमोर ही झड हवी.

जाड पानांची ही झाडं पाणी पानांत किंवा खोडात साठवतात. त्यातली बहुतेक झाडं पानांवरची रंध्रं दिवसा मिटून घेतात आणि रात्री उघडतात, म्हणून उन्हात त्यांचं पाणी फारसं उडत नाही. मुळं मात्र उथळ असतात आणि त्यांना हवा लागते. माती भिजावी आणि लवकर कोरडी व्हावी, एवढीच त्यांची मागणी. आपल्याकडे ही जात अनोळखी नाही. कोरफड, पानफुटी, कांडवेल, शेताच्या धुऱ्यावरचं निवडुंग, सगळी याच स्वभावाची. दाराच्या चौकटीवर नजर लागू नये म्हणून उलटी टांगलेली कोरफड माती-पाण्याशिवाय कित्येक महिने हिरवी राहते, हे आपण लहानपणापासून पाहत आलोय.

मग भांडं कोणतं? माझं पहिलं मत कवेलूला. गावोगावी स्लॅबची घरं उभी राहिली, माकडांनी छपरं मोडली, आणि उतरवलेले कवेलू सांदवाडीत थप्पी लावून पडून आहेत. गावठी कवेलू कुंभार चाकावर करतो. आधी एका टोकाला निमुळती नळी घडवायची आणि तिचे उभे दोन भाग करायचे. त्यामुळे प्रत्येक कवेलू म्हणजे उथळ, भाजलेल्या मातीचं, उतार असलेलं पन्हाळंच. लहान सक्युलंटच्या मुळांना याहून फारशी जास्त खोली लागत नाही. कवेलू पालथा न ठेवता उताणा ठेवायचा, रुंद टोक सिमेंटच्या गिलाव्याने बंद करायचं, निमुळत्या टोकाला जाळीचा तुकडा आणि दोन-चार गिट्ट्या अडकवायच्या. भिंतीवर तारेने बांधताना निमुळतं टोक बोटभर खाली ठेवलं की भोक पाडायचीही गरज नाही, पाणी आपोआप वाहून जातं. असे पाच-सहा कवेलू एकाखाली एक तिरपे बांधले तर वरच्याचं पाणी खालच्यात उतरतं. ही रचना दिसायला फार सुंदर, पण झडीत खालचा कवेलू सतत ओला राहतो. म्हणून उघड्या भिंतीवर त्यांची टोकं आलटून-पालटून बाहेर काढावीत.

भाजलेली माती श्वास घेते, हा तिचा मोठा गुण. माठात पाणी गार होतं त्याच कारणाने मातीच्या कुंडीतली मुळं मे महिन्यात कमी तापतात आणि पावसाळ्यात तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. फुटका माठ, तडा गेलेला रांजण, कान तुटलेलं गाडगं यांना म्हणूनच टाकू नये. भोक पाडायचं असेल तर भांडं रात्रभर पाण्यात भिजवावं आणि दगड-विटांसाठीचं पातं लावून ड्रिल हळूहळू चालवावं. ठोक्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर तडा हमखास.

दुसरी गोष्ट, कुंडीत भरायच्या मिश्रणासाठीची, मूलमध्ये जितकी सहज मिळते तितकी पुण्या-मुंबईत मिळत नाही: धानाचं तूस. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तुसाचा असतो, आणि इथल्या राइस मिलांच्या मागे त्याचे ढीग लागलेले असतात. शहरातले हौशी लोक सक्युलंटसाठी परलाइट नावाचे पांढरे दाणे पुड्यांनी विकत घेतात. तेच काम जाळून काळं केलेलं तूस करतं. ते हलकं असतं, कुजत नाही, सहज चेपत नाही. कच्चं तूस मात्र थेट घालू नये, कुजताना ते मातीतला नत्र ओढून घेतं आणि ओलीत बुरशी धरतं.

जाळायची पद्धत सोपी आहे. पत्र्याच्या डब्याला सगळीकडून भोकं पाडायची, आत काड्या पेटवायच्या, धूर जायला वर पत्र्याची नळी उभी करायची आणि डब्याभोवती तुसाचा ढीग रचायचा. आतल्या धगीने तूस हळूहळू काळं पडतं. फावड्याने वरखाली करत राहायचं आणि सगळं काळं झालं की लगेच पाणी मारून पसरायचं. पांढरी राख होईपर्यंत थांबलात तर काम बिघडलं, ती राख खारवट असते आणि ओली झाली की घट्ट बसते. धूर बराच होतो, तेव्हा हे मोकळ्या जागी, तणसाच्या ढिगापासून दूर करावं. दोन भाग काळं तूस, दोन भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, एवढं मिश्रण पुरे. बांधीतली चिकण माती धानाला जेवढी चांगली, तेवढीच या झाडांना घातक.

कुंडीच्या तळाशी गिट्टीचा थर दिल्याने पाणी लवकर निघतं, हा समज सगळीकडे आहे. तसं होत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही, ते थराच्या वरच अडकून राहतं आणि मुळं भिजतच राहतात. भोकावर खापराचा तुकडा ठेवावा आणि वर सरळ मिश्रण भरावं.

बांबूची कुंडी करायला इथे सगळ्यांचाच हात शिवशिवतो. पण आपल्या जंगलातला मानवेल बहुधा भरीव असतो. कुंडीसाठी पोकळ, जाड पेरांचा कटांग लागतो. दोन गाठींच्या मध्ये वरून खिडकी कापायची, खाली भोकं पाडायची. बांबूतल्या पिठूळ अंशामुळे त्याला कीड लागते, म्हणून तो बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवावा लागतो. चंद्रपूरहून मूलला येताना वाटेत चिचपल्ली लागतं. तिथल्या, २०१४ मध्ये मंजूर झालेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्रात असं काम शिकवलं जातं. एवढं करूनही सतत ओल्या मातीने बांबू कुजतोच. तो छपरीत, भिंतीच्या आत शोभतो, उघड्यावर नाही.

तेलाचे पिपे आणि डबे रंगवून फार देखणे होतात. उन्हात मात्र पत्रा तापून मुळं भाजतात. डब्याच्या आत लहान मातीची कुंडी ठेवून मधल्या जागेत कोरडं तूस भरलं तर उष्णता अडते, आणि डब्यालाही तळाशी भोक हवंच. नारळाची करवंटी लहान रोपांना छान. कुंडीखाली बशी ठेवू नये, साचलेल्या पाण्यात डास होतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीत मलेरिया-डेंग्यू काही लांबचे पाहुणे नाहीत.

रोपं निवडताना फोटोंना भुलू नये. गुलाबाच्या फुलासारखी दिसणारी एचेव्हेरिया मूळची मेक्सिकोच्या उंच डोंगरांची. तिला गार रात्री लागतात, आणि इथे मे महिन्यात रात्रीही अंग भाजतं. ॲडेनियम उघड्या उन्हात खुलतं. जेड आणि हावर्थियाला दुपारी सावली द्यावी. स्नेक प्लांट घरात कुठेही राहतं. ऑफिसटाइमचं रोप कवेलूत लावलं की सकाळी फुलांखाली कवेलू दिसतही नाही. शेराच्या झाडाचा आणि निवडुंगाचा चीक डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो आणि ॲडेनियमही विषारी आहे, म्हणून त्यांच्या कुंड्या लहान मुलांच्या हातापासून दूर टांगाव्यात.

आणि जुनी भांडी संपली तर कुंभाराकडे जा. भद्रावतीचा ग्रामोदय संघ कुंभारकामाच्या प्रशिक्षणासाठी कित्येक दशकं ओळखला जातो, आणि गावातलं चाकही अजून थांबलेलं नाही. कवेलूची नळी न कापता तिला बूड लावून मागा, उंच आणि देखणी कुंडी होते. पसरट हवी असेल तर परळाच्या आकाराची, तळाला तीन लहान पाय असलेली सांगा, म्हणजे खालून हवा खेळते. भोक कच्च्या मातीतच अंगठ्याने पाडून घ्या, भाजल्यावर ड्रिल चालवायला नको. दिवाळीआधी कुंभार पणत्यांत गुंतलेला असतो आणि फाल्गुनापासून माठांत. मधल्या कार्तिक-मार्गशीर्षात त्याच्याकडे वेळ असतो आणि त्याला कामही हवं असतं.