डोक्यास बसलेला हादरा आणि त्याचे मापन

खेळताना हादरा बसून मेंदूच्या कार्यात जो तात्पुरता बिघाड होतो, त्यास वैद्यकात कन्कशन म्हणतात. यात बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडत नाहीत, आणि मेंदूच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये सहसा काहीच आढळत नाही. मग बिघाड मोजावयाचा कशाने? याचे उत्तर बव्हंशी भाषेच्या द्वारे शोधले गेले आहे.

जखमी खेळाडूस त्याचे नाव, जन्मतारीख विचारण्याचा प्रघात जुना आहे. मॅडॉक्स व त्यांचे सहकारी यांनी १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या खेळाडूंचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात असले प्रश्न फारसे उपयोगी ठरले नाहीत. आपण कोणत्या मैदानावर आहोत, शेवटचा गोल कोणी केला, मागील आठवड्याचा सामना कोणाशी झाला, या प्रश्नांनी मात्र बिघाड उघडकीस येई. दृढ झालेले ज्ञान टिकते. नुकतेच ग्रहण केलेले निसटते.

तथापि सर्वांची स्मरणशक्ती सारखी नसते. म्हणून अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाचे जेफ्री बार्थ यांनी १९८० नंतरच्या दशकात महाविद्यालयीन फुटबॉलपटूंची हंगामापूर्वीच चाचणी घेतली व आघातानंतर प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. युक्ती उत्तम, पण पुढे संघाबाहेर बसावे लागू नये म्हणून काही खेळाडू पहिल्या चाचणीतच मुद्दाम कमी गुण मिळवितात! बरे होण्यापूर्वी दुसरा आघात झाल्यास धोका वाढतो, हे लक्षात घेता ही लबाडी त्यांच्याच जिवावर बेतू शकते.

२००४ मध्ये सिद्ध झालेल्या ‘स्कॅट’ या चाचणीत शब्दांची यादी ऐकवून ती म्हणवून घेतात. प्रारंभी यादी पाच शब्दांची होती. निरोगी माणसास ती इतकी सोपी जाई की सूक्ष्म फरक दिसेना. पुढे दहा शब्दांची यादी आली. आकडे व महिने उलट क्रमानेही म्हणावयाचे असतात.

अशी चाचणी मराठीत आणताना केवळ भाषांतर पुरेसे नाही. शब्दाची लांबी व परिचितता बदलली की स्मरणाचा भारही बदलतो. महिने चैत्रापासूनचे घ्यावेत की जानेवारीपासूनचे? ज्यास फाल्गुन, माघ, पौष ही मालिका कधी नीट येतच नव्हती, तो अडखळला तर दोष हादऱ्याचा नव्हे; आणि चाचणी घेणाऱ्यास तो भेद गुणांवरून कळणार नाही.