‘येस’ टाइप करण्याआधी

मुंबईत बसून सिंगापूरच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर चालवायचा, तर लागते एक ओळ. ‘एसएसएच’, पुढे खात्याचं नाव, मग ‘ॲट’चं चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता. एंटर दाबलं की तिकडचा संगणक इकडून हुकूम घेऊ लागतो.

एकेकाळी हे काम टेलनेट करायचं. त्यात पासवर्डसुद्धा नेटवर्कवरून उघडावाघडा जायचा. वाटेत कुणी कान लावून बसलं तर आयता हाती लागायचा. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर नेमकं हेच घडलं. तिथले संशोधक तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी एसएसएच लिहून सर्वांसाठी मोफत खुलं केलं. फाइल पाठवणाऱ्या एफटीपीचं पोर्ट, म्हणजे सेवेचा ठरलेला क्रमांक, २१, टेलनेटचं २३. मधलं २२ रिकामं होतं, ते त्यांनी एसएसएचसाठी मागून घेतलं. आज बहुतेक ठिकाणी वापरात असलेला ओपनएसएसएच हा अवतार १९९९ मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी आणला.

या एका ओळीला ऑप्शन जोडले की तिची ताकद वाढते. सर्व्हर २२ सोडून दुसऱ्या पोर्टवर असेल तर ‘डॅश पी’. (फाइल पाठवणाऱ्या एससीपीत मात्र हाच पी कॅपिटल लागतो, भलेभले इथे अडखळतात.) पासवर्डऐवजी किल्लीची फाइल द्यायची तर ‘डॅश आय’. थेट पोहोचता येत नसेल तर मधल्या सर्व्हरवरून उडी मारायला ‘डॅश कॅपिटल जे’. आणि काही केल्या जोडणी होत नसेल तर ‘डॅश व्ही’: पडद्यामागे काय चाललंय ते ओळीओळीने दिसू लागतं.

त्या ओळींत सगळ्यात रंजक भाग असतो गुपित ठरवण्याचा. दोन्ही संगणक आपापली एकेक संख्या लपवून ठेवतात, तिच्यावरून काढलेली दुसरी संख्या उघडपणे पाठवतात आणि तरीही शेवटी दोघांकडे तेच गुपित तयार होतं. ते गुपित तारेवरून जातच नाही. ही युक्ती डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली.

पण समोरचा संगणकच तोतया असेल तर? मग चोराशी अगदी सुरक्षित संभाषण होईल आणि पासवर्ड टाइप केला तर तो थेट त्याच्या पदरात पडेल. म्हणून पहिल्या भेटीत एसएसएच सर्व्हरच्या किल्लीचा ठसा दाखवून विचारतं, पुढे जायचं का? बहुतेक जण न वाचताच ‘येस’ टाइप करतात. सर्व्हरची सार्वजनिक किल्ली ‘नोन होस्ट्स’ फाइलमध्ये जाते आणि पुढे कधी किल्ली बदलली की मोठा इशारा येतो.

मार्च २०२३ मध्ये प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या गिटहबच्या सर्व्हरची एक खासगी किल्ली चुकून उघडी पडली. कंपनीने ती बदलली आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या पडद्यावर तो इशारा झळकला. नवा ठसा गिटहबने जाहीर केला होता. आधी तो जुळवायचा, मगच जुनी नोंद काढायची, हा खरा क्रम.

पहिल्या भेटीतही हेच करता येतं. सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून ठसा आधी मागवून घ्या. ओपनएसएसएचच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ‘येस’च्या जागी तो ठसाच पेस्ट केला, तर जुळवणी प्रोग्रॅम स्वतः करतो. जुळला नाही, तर पुढे जाऊ देत नाही.