पसायदान हे मुळात 'गाणं' नाही! मग शाळेत आपण नेमकं काय म्हणत होतो?

शाळेच्या प्रार्थनेत, पारायणाच्या शेवटी किंवा लता मंगेशकरांच्या आवाजात, पसायदान एकदाही ऐकलं नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. पण ही सुटी लिहिलेली प्रार्थना नाही. ज्ञानेश्वरीच्या १८व्या अध्यायाच्या अखेरीस येणाऱ्या या ९ ओव्या आहेत. म्हणजे आपल्याला पाठ आहे तो भगवद्गीतेचा अर्थ उलगडणाऱ्या ग्रंथाचा समारोप.

ओवीच का निवडली?

ज्ञानेश्वरी इसवी सन १२९० मध्ये नेवाशात सांगितली गेली. गीतेचे ७०० संस्कृत श्लोक, आणि त्यांचा अर्थ सुमारे ९,००० मराठी ओव्यांत. ओवी तेव्हा नवी नव्हती. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, असा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या १२व्या शतकातल्या ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरांनी घराघरातला हा प्रकार ग्रंथासाठी वापरला. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा चरण आखूड. त्यामुळे वाचता न येणाऱ्यालाही ओवी ऐकून लक्षात राहते.

यात एवढं मोठं काय?

त्या काळी स्त्रिया आणि शूद्रांना वेदांचा अधिकार नव्हता. ज्ञानेश्वर १८व्या अध्यायात वेदाला चक्क कृपण, म्हणजे कंजूष म्हणतात. कारण? तो फक्त तीन वर्णांच्याच कानी लागला. ही उणीव गीतेने भरून काढली, असं ते सांगतात. पण गीताही संस्कृतातच होती. ती सर्वांच्या कानापर्यंत नेली मराठी ओवीने.

कीर्तनात काय होतं?

भागवत पुराणात भक्तीचे ९ प्रकार सांगितलेत. पहिला श्रवण, दुसरा कीर्तन. वारकरी कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो, त्याचं एकेक चरण उलगडतो आणि ज्ञानेश्वरी, तुकोबांची गाथा यांतली प्रमाणं देतो. प्रमाण आलं की मागचे टाळकरी ते चालीवर उचलतात, पखवाज साथ देतो. समोर बसलेल्याला अर्थ कळतो आणि ओळही पाठ होते. पोथी हातात नसली तरी चालतं.

मग सगळ्यांना दार उघडलं का?

नाही. संत चोखामेळांचे अभंग वारकऱ्यांच्या तोंडी बसले, पण जातीमुळे त्यांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आजही पंढरपूरच्या महाद्वाराजवळ, देवळाबाहेर आहे. हे मंदिर दलितांसाठी खुलं व्हायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. अभंग कधीच आत पोचला होता. माणसाला मात्र शतकानुशतकं बाहेर थांबावं लागलं.

पसायदानात ज्ञानेश्वर स्वतःसाठी काहीच मागत नाहीत. ज्याला जे हवं ते त्याला मिळो, असं ते सगळ्या प्राणिमात्रांसाठी मागतात. पुढच्या वेळी ते कानावर पडलं, तर चालीसोबत हे मागणंही ऐका.