दोघांची पुदुच्चेरी सहल: दिवाळीत की जानेवारीत?

दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी पुदुच्चेरीला जायचा विचार आहे? थोडं थांबा. आपल्याकडचा पाऊस संपतो, तेव्हा तिथला सुरू होतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिथला मुख्य पावसाळा. जुनं शहर पायीच पाहायचं असतं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. दोन रात्री पुरतात.

चेन्नईहून रस्त्याने अंतर सुमारे १५० किलोमीटर. मुक्काम कालव्याच्या पूर्वेला, समुद्राकडच्या फ्रेंच वस्तीत करा. पिवळ्या भिंतींच्या गल्ल्या, अरविंद आश्रम आणि किनारा, सगळं चालत होतं. संध्याकाळी किनाऱ्यालगतचा रस्ता वाहनांना बंद असतो. कालव्यापलीकडे तमिळ वस्ती आहे. तिथली ओसरीची जुनी घरं पाहायला एक सकाळ राखून ठेवा.